अण्णा, वायरी वाकड्याच टाकल्या

अण्णा, आधी माफी मागते. माझं अक्षर तुम्ही पाहिलेलं आहे, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि जोडाक्षर आलं की पेन अडतो. चौथीनंतर पुन्हा लिहायची वेळ आली ती तुमच्याच वर्कशॉपमध्ये, आणि तिथे लिहायचं ते काय, तर वायरीच्या दोन टोकांच्या पिनांचे नंबर, A चौदा, D चौदा. ती इंग्रजी अक्षरं तुम्ही शिकवलीत म्हणून सरळ येतात. मराठी वेडीवाकडी येतील, ती समजून घ्या. हे कुणाला दाखवायचं नाही. तुमच्याशीच बोलायचं आहे, आणि तोंडानं बोलायला मला तुमच्यासमोर चार वर्षांत जमलं नाही.

तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले. शुक्रवार पेठेतली खोली तशीच आहे. टेबलावर तुमचा चष्मा होता, तो अक्का घरी घेऊन गेल्या. बाकी काही हलवू नका, असं मीच त्यांना म्हणाले. तुमची बायको म्हणून त्यांचा हक्क मोठा, पण त्या खोलीपुरतं त्या माझं ऐकतात.

मला कामावर ठेवलंत ते माझ्या बोटांमुळे, हे तुम्ही दहादा सांगितलंत. माझे वडील मागवाल्यांकडे वहीफणीचं काम करायचे. ताण्याचा एकेक धागा वहीच्या डोळ्यातून ओढायचा, मग फणीच्या दातातून, असे हजारो धागे. ओढणाऱ्याला पलीकडे बसून धागा हातात देणारं माणूस लागतं. चौथीची परीक्षा झाली आणि ते माणूस मी झाले. धाग्यावर धागा चढला की वडील बोलायचे नाहीत, नुसते थांबायचे. त्या थांबण्याची मला इतकी भीती होती की माझा धागा पुढे कधी चढलाच नाही. तुम्ही मला मशीन चालवणाऱ्या पॅनेलच्या वायरी बांधायला दिल्यात तेव्हा मी तेच केलं. विंचरल्यासारखी वायरीशेजारी वायर, आणि बोटाबोटाच्या अंतरावर मेणाच्या दोऱ्याची गाठ. तुम्ही पॅनेल उघडून आल्यागेल्याला दाखवायचात. "हे बघा आमच्या कमलचं काम. तोंड उघडत न्हाय, पण हात बघा." मी खोलीतल्या पडद्याआड जायची आणि माणूस गेल्यावरच बाहेर यायची.

पुढे तुम्ही ते नवं काम आणलंत. जुन्या पॅनेलमध्ये रिले, म्हणजे विजेचे खटके, टकटक करायचे, कोणता कधी लागला ते कानाला कळायचं. नव्यात आवाजच नाही. लोखंडी चौकट, तिच्यात खण, खणात इलेक्ट्रॉनिक कार्डं, आणि मागच्या बाजूला पिनांच्या रांगा. केसासारखी बारीक वायर पेनासारख्या हत्यारानं पिनेला गुंडाळायची, सात वेढे. काही वायरी सगळ्या कार्डांच्या मागून सामाईक जायच्या, त्यांना तुम्ही बस म्हणायचात. पहिल्या खणातलं कार्ड त्या बसवर लक्ष ठेवायचं. म्हणजे काय करायचं, ते मला उमगेना. तेव्हा तुम्ही विचारलंत, "तुमच्या गल्लीत नळ किती?"

"एक."

"आन घरं?"

"चौदा."

"मग भांडणं कोण सोडवतंय?"

"शेवंताबाई बसतात नळाजवळ. त्या नाव घेतील त्याची घागर लागते."

"झालं तर. हे पहिलं कार्ड म्हंजे शेवंताबाई. वायर एकच हाय. तिनं ज्याचं नाव घेतलं त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप बसायचं. दोघं एकदम बोलले की झाला गोंधळ."

त्या दिवसापासून ते कार्ड आपल्या खोलीत शेवंताबाईच झालं. "शेवंता तापली का बघ गं," असं तुम्ही सहज विचारायचात, आणि एकदा खऱ्या शेवंताबाई दारात उभ्या असताना विचारलंत. मी आठवडाभर नळावर मान वर केली नाही.

मग अक्कलकोट रोडवरच्या सूत रंगवायच्या कारखान्याचं काम आलं. मशीनमध्ये पाणी कधी भरायचं, वाफ कधी सोडायची, रंग कधी घ्यायचा आणि रंग बसल्यावर पाणी कधी काढून टाकायचं, हे सगळं आपल्या चौकटीनं ठरवायचं होतं. सोलापुरात असं काम दुसरं कुणी करत नव्हतं. मी मागची बाजू घेतली. पहिल्या दोन रांगा नेहमीसारख्या विंचरून बांधल्या. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात.

"कमल, हे न्हाय चालायचं. जवळच्या वाटेनं जाऊ दे वायर. वाकडी तर वाकडी. आन बांधू नको."

"कावळ्याच्या घरट्यावाणी दिसंल अण्णा."

"दिसू दे की."

"मालक काय म्हणतील?"

"मालकाला पॅनेलचं तोंड दाखवायचंय. पाठ कोण दाखवतंय?"

तुम्ही हसलात आणि दुसऱ्या कामाला लागलात. मला ते लागलं. वाटलं, काम लवकर द्यायचं म्हणून अण्णा मला गचाळ काम करायला सांगतायत. तरी सांगितलं तसं केलं. आठ दिवस वाकड्या वायरी टाकल्या, आणि आठ दिवस त्या चौकटीकडे पाठ करून डबा खाल्ला. तुम्ही व्हॉल्व्हच्या जागी दिवे लावून टेबलावर ती चालवून पाहिलीत. सगळं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही टेंभुर्णीला गेलात, तिथल्या तेलाच्या गिरणीतलं पॅनेल बंद पडलं होतं म्हणून. तीन दिवस लागतील म्हणालात. त्या तीन दिवसांत मी काय केलं, ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही, म्हणून आता लिहिते. मी दिवसरात्र बसून सगळ्या वायरी सोडवल्या आणि पुन्हा घातल्या. तुमच्या यादीवर बोट ठेवून प्रत्येक वायर त्याच पिनेवरून त्याच पिनेवर नेली, पण सरळ. यादीत एकही चूक केली नाही. मग मेणाच्या दोऱ्यानं बांधल्या. माग चालू व्हायच्या आधी नवा ताणा दिसतो तशी ती चौकट दिसायला लागली. एवढं चांगलं काम माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं. मी एकटीच उभी राहून किती वेळ बघत होते. दिवे लावून पाहिले, तेही एकामागून एक बरोबर लागले. मागचं झाकण लावून स्क्रू आवळले.

तुम्ही आलात ते टेम्पो ठरवूनच. विचारलंत, "टेस्ट केलीस?"

"केली."

"शहाणी."

चौथ्या दिवशी कारखान्यातून निरोप आला. मशीनमध्ये वाफ चालू असताना पाणी काढून टाकायचा व्हॉल्व्ह आपोआप उघडला होता. एकदा नाही, दोनदा. रंग अर्धा वाहून गेला आणि दोन लॉट सूत ठिपक्याठिपक्याचं झालं. तुम्ही चौकट परत आणलीत, झाकण काढलंत आणि थांबलात. माझे वडील थांबायचे तसे. मी कप विसळत होते. विसळलेलेच कप पुन्हा विसळले. मग तुम्ही ब्लेड घेतलंत आणि माझ्या गाठी एकेक करून कापल्या. एकाही वायरीला ब्लेड लागू दिलं नाहीत. सगळ्या गाठी टेबलाच्या कडेला जमा झाल्यावर एवढंच म्हणालात, "पुन्हा घालू. वाकड्या." तीन दिवस आपण दोघं बसलो. तुम्ही पलीकडून वायर हातात देत होतात. चौकट परत गेली आणि नीट चालली. तेव्हा मला कळलं की चूक माझी होती. का ते कळलं नाही, पण माझी होती एवढं कळलं.

मग कारखान्याचे मालक खोलीवर आले. मी पडद्याआड होते. ते म्हणाले, "सूत माझं गेलं. चूक कुणाची ते बोल आधी." तुम्ही म्हणालात, "माझी. आखणीत चुकलं माझं. सुताचे पैसे म्हैन्याच्या म्हैन्याला देतो." पडदा आणि मी यांच्यात वीतभर अंतर होतं. बाहेर यायला दोन पावलं पुरली असती. मी आले नाही.

पुढे दर महिन्याला तुम्ही पाकीट खिशात घालून "जाऊन येतो" म्हणायचात. कुठे, ते मी विचारायची नाही. मग मोटारसायकल विकलीत आणि सायकलवर यायला लागलात. डॉक्टरनं व्यायाम सांगितलाय म्हणालात. एकदा मी धीर केला होता. आठवतं का तुम्हाला? मी म्हणाले, "अण्णा, मला एक सांगायचंय." तुम्ही म्हणालात, "आधी चहा सांग की." मी खाली जाऊन चहा सांगून आले आणि तेवढ्यात माझा धीर संपला. तुम्हीही "काय सांगायचं होतं" असं विचारलं नाहीत. मला वाटलं, विसरलात.

आणि पैसे ही तर लहान गोष्ट होती. सोलापूरभर झालं की अण्णाचं नवं काम कच्चं आहे, मशीन आपल्या मनानं चालतं. दोन कारखान्यांनी दिलेली ऑर्डर परत घेतली. तुम्ही पुन्हा जुने रिले दुरुस्त करायला लागलात. मी समोर बसून ते बघत होते.

छातीत दुखायला लागलं ते सायकलमुळे का, हे मी कुणाला विचारू? डॉक्टर म्हणाले, तसं काही नसतं. मी त्यांचं म्हणणं धरून बसले आहे, कारण दुसरं काही धरवत नाही.

चार दिवस वही उघडली नाही. पुढचं लिहायला बळ लागत होतं.

तुमच्या तेराव्यानंतर खोलीवर दोन माणसं हत्यारं विकत घ्यायला आली. एक दुसऱ्याला म्हणाला, "ह्याचंच ते कच्चं काम ना?" अक्का समोर होत्या. ती माणसं गेल्यावर मी अक्कांना सगळं सांगितलं. वायरी, गाठी, सूत, पैसे, सगळं. त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "गाडी विकली तवा मला बी डॉक्टरच सांगितला त्यांनी." मग म्हणाल्या, "मला सांगून काय व्हतंय? मालकाला सांग की. येऊ का संगं?" मी नको म्हणाले.

अण्णा, तुम्ही मला कितीदा म्हणाला असाल, तुझं काम चालताना बघायला कारखान्यात ये एकदा. मी कधी आले नाही. फाटकावर वॉचमन, आत गडीमाणसं, कोण काय विचारेल. त्या दिवशी गेले. फाटकापर्यंत जाऊन दोनदा मागे आले. तिसऱ्यांदा वॉचमनच म्हणाला, "बाई, कोण पायजे ते तरी सांगा. मला चक्कर यायला लागली." मग आत गेले.

मालक वाटलं होतं त्यापेक्षा म्हातारे निघाले. मी उभीच राहिले. म्हणाले, "बस की. कुठनं आलीस?"

"अण्णांकडं वायरी करत होते."

"हां, कमल का तू?"

माझं नाव त्यांना कसं माहीत, हे विचारायचं मला सुचलंच नाही. वाटेत पाठ केलेलं मी म्हणून टाकलं. "सूत खराब झालं ती चूक माझी होती. अण्णांची न्हवती. त्यांनी वाकड्या टाक म्हणून सांगितलेलं. ते गावाला गेल्यावर मी सरळ केल्या."

ते म्हणाले, "ठाऊक हाय मला."

मी बसले तेव्हा.

"मी भांडून गेलो ना तुमच्या खोलीवर, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो हितं येऊन सांगून गेला. बाईनं नीट बांधल्या वायरी म्हणून झालं म्हणाला. वायरी लई जवळ, लांबवर शेजारी शेजारी धावल्या की एकीतलं दुसरीत जातंय. टेबलावर कळत न्हाय. हितं मोठ्या मोटारी चालू झाल्या की पहिल्या कार्डाला कुणी न बोलताच ऐकू येतंय. मी म्हटलं, मग तिच्या पगारातनं काप की. तर म्हणतो कसा, मी तिला वाकडं टाक म्हणालो, का टाक ते सांगितलं न्हाय. जे करायचं ते तिला दिलं आन कारण माझ्याकडं ठेवलं. मग चूक बी माझ्याकडंच ऱ्हाणार."

मी विचारलं, "मग मला का न्हाय बोलले?"

"ते मला काय विचारतीस? त्याला विचारायचं व्हतं."

अण्णा, तेव्हापासून मी तुमच्याशी मनात भांडते आहे. रागावू नका, पण हे बोलणारच. तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. बाईमाणसाचं नाव बाजारात जाऊ दिलं नाहीत. पण तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि दोन वर्षं आपण एका टेबलाला समोरासमोर बसून गप्प राहिलो. कारण सांगितलं नाही ही तुमची चूक तुम्ही मालकांकडे कबूल केलीत, आणि खोलीवर येऊन तीच पुन्हा केलीत. मला वाटत राहिलं की माझा नीटपणाच वाईट, माझे हातच खोटे. तुम्ही एकदा म्हणाला असतात, कमल, शेजारच्या वायरीचं बोलणं हिला ऐकू जातं म्हणून वाकडी टाक, तर मला एका वाक्यात कळलं असतं. धागा धाग्याला घासला की काय होतं, हे मला तुमच्याहून जास्त माहीत होतं. मी बोलत नाही म्हणून मला कळणार नाही, असं तुम्हाला वाटलं का? की तुम्हीही माझ्यासारखेच लाजाळू होता? त्या चहाच्या दिवशी तुम्ही खरंच विसरला होता का? आता हे कुणी सांगायचं.

माझी चूक त्याहून मोठी, ते मी खोडत नाही. पडद्याआडून दोन पावलं मला टाकता आली नाहीत.

मालक त्या दिवशी म्हणाले, "राहिलेलं सोडलं मी. मेलेल्या माणसाकडं काय मागायचं?" आणि मी, अण्णा, त्यांच्या तोंडावर नको म्हणाले. "सोडलं असं म्हणू नका. लोक म्हणतील, अण्णा गेले आणि देणं बुडालं. आधीच त्यांच्या कामाला नाव ठेवतात." मग त्यांनी विचारलं, "माझ्या दुसऱ्या मशीनची चौकट अर्धी ऱ्हायलीय ना त्याच्याकडं?"

राहिली होती. कार्डं तुम्ही पूर्ण करून ठेवली होतीत, यादीही होती. मागची बाजू तेवढी कोरी होती. मी म्हणाले, ती मी करते. कार्डांचे पैसे अक्कांना द्या, आणि माझ्या मजुरीतून राहिलेलं फेडते.

एकवीस दिवस लागले. वाकडं टाकणं किती कठीण असतं, हे मला पहिल्यांदा कळलं. बोटं आपोआप सरळ जायला बघायची. पण आता मी प्रत्येक वायरीला आधी विचारायची, तू कुणाच्या शेजारून चाललीस आणि किती लांब. शेवंताबाईच्या हाका नेणाऱ्या वायरी मी सगळ्यांपासून दूर नेल्या. तुमच्या यादीत अकराव्या खणापाशी दोन वायरी शेवटपर्यंत सोबत जात होत्या. तुमच्या नजरेतून ते निसटलं असावं. त्यातली एक मी दुसऱ्या बाजूनं फिरवली आणि यादीवर तशी खूण केली. तुम्ही असतात तर त्यावरूनही वाद घातला असता, आणि या वेळी मी पडद्याआड गेले नसते.

चौकट बसवायला कारखान्याचा वायरमन आला. मागचं झाकण उघडून म्हणाला, "हे काय बाई, पाखरांनी केलंय का?"

मी म्हणाले, "झाकण लावू नका. कुणी विचारलं तर दाखवा."

मशीन चालू केलं. मोठ्या मोटारी लागल्या, वाफ आली, जमीन पायाखाली हलत होती. पाणी काढायचा व्हॉल्व्ह बंदच राहिला, उघडायची वेळ आली तेव्हाच उघडला. मी पूर्ण वेळ उभी होते. सूत बाहेर काढलं ते एकसारखं जांभळं. मालकांनी लडी हातात फिरवून पाहिली आणि शेजारच्या कारखान्याच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सिद्रामअण्णाचं काम हाय हे. हिनं पुरं केलंय." त्या माणसानं खोलीचा पत्ता विचारून घेतला आहे. काम आलं तर कार्डं कोण बनवणार, हा प्रश्न आहेच. बघू.

आज दुपारी मजुरी घ्यायला गेले. राहिलेलं कापून घ्या असं मी आधी सांगितलं होतं, पण मालकांनी सगळी मजुरी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "आता तुझ्या हातानं दे." मी मोजून दिले. कारकुनानं पावतीपुस्तक ओढलं आणि विचारलं, "नाव काय लिहू बाई?"

मी तुमचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट पूर्ण.

तो म्हणाला, "पैसे तर तुमी देताय."

"देणं त्यांचं होतं," मी म्हणाले. "त्यांनीच फेडलं असं लिहा."

त्यानं मालकांकडे पाहिलं. मालकांनी मान हलवली. मग त्यानं लिहिलं, आणि खाली आपण होऊन लिहिलं, "बाकी काही नाही." येताना पावती अक्कांच्या हातात दिली. सगळे पैसे फिटले, अण्णा.